तालमीचा नारळ उशिरा फोडा



आपल्या बॅचला किराणा, बेकरी, बुटीकवाले तर असतातच. पण हल्ली एखादा तरी असा भेटतो, जो म्हणतो, "सर, नवीन संगीत नाटक काढायचंय. गोष्ट डोक्यात आहे, दोन गाणी तयार आहेत. पैसे कसे उभे करू?" मी उलट विचारतो, "ती दोन गाणी घरच्यांशिवाय कुणाला ऐकवलीत?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "अजून कुणालाच नाही सर, आयडिया चोरीला जाईल ना!"

आज याच विषयावर बोलू. आयडिया सुचल्यापासून तालीम सुरू होईपर्यंत नक्की काय करायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो: जे जे स्वस्तात कळू शकतं, ते सगळं कळेपर्यंत तालमीचा नारळ फोडू नका. निर्मात्याचं खरं काम तालमीच्या आधीच असतं. पटत नसेल तरी शेवटपर्यंत वाचा, मग भांडा.

तालीम म्हणजे चालू मीटर

तालीम सुरू झाली की रिक्षाचं मीटर पडलं असं समजा. हॉलचं भाडं, कलाकारांच्या तारखा, वादक, चहा-नाश्ता, येण्याजाण्याचा खर्च. दोन आठवड्यांत नेपथ्याची ऑर्डर जाते, कपडेपट शिवायला टाकला जातो. मग कुणीतरी नाट्यगृहाची तारीख मिळवतं आणि शुभारंभाची जाहिरात सुटते. आता मागे फिरता येत नाही.

साध्या नाटकात एखादा प्रवेश जमला नाही तर लेखक रात्री बसून चार पानं बदलतो. संगीत नाटकात तेवढ्यानं भागत नाही. एक गाणं बदललं की चाल बदलते, गायक नटाची पट्टी बघावी लागते, नाच असेल तर तो पुन्हा बसवावा लागतो, ट्रॅक रेकॉर्ड केला असेल तर ते पैसेही गेले. म्हणजे तीच चूक टेबलावर सापडली तर एका वहीच्या किमतीत सुटते आणि तालमीत सापडली तर हजारोंत जाते.

माझ्या दुकानात नवीन माल येतो तेव्हा मी आधी एक डझन मागवतो. खपला तर शंभर. नाटकाला हा नियम लागू नाही असं कुणी सांगितलं?

मोठ्यांनीही लहान सुरुवात केली

अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी नोकरीत होते. त्यांचं 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगभूमीवर आलं. पण किती? सात अंकी नाटकाचे फक्त पहिले चार अंक! लोकांना हा प्रकार आवडला, आणि पूर्ण सात अंक पुढच्या वर्षी आले. मराठी संगीत रंगभूमीची मोठी परंपरा ज्या नाटकानं सुरू झाली, ते आधी अर्धंमुर्धं लोकांसमोर आलं होतं, हे विसरू नका.

आपल्या काळातलं उदाहरण 'संगीत देवबाभळी'. प्राजक्त देशमुख यांनी ते आधी एकांकिका म्हणून केलं. प्रेक्षकांसमोर ते टिकलं, मग २०१७ मध्ये 'भद्रकाली'नं दोन अंकी व्यावसायिक नाटक म्हणून आणलं. पात्रं फक्त दोन, आवली आणि लखुबाई. २०२३ मध्ये ५०० प्रयोग पूर्ण करून ते थांबलं.

परदेशातलं बघायचं तर 'हॅमिल्टन'. लिन-मॅन्युएल मिरांडानं २००८ मध्ये सुट्टीत एक जाडजूड चरित्र वाचलं आणि त्याला कल्पना सुचली. २००९ मध्ये व्हाइट हाऊसच्या कार्यक्रमात त्यानं त्यातलं फक्त एक गाणं सादर केलं. २०१२ मध्ये काही गाण्यांची मैफल झाली. २०१३ मध्ये एका कॉलेजात कार्यशाळेसारखं सादरीकरण झालं. २०१५ च्या सुरुवातीला छोटं नाट्यगृह आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रॉडवे. कल्पनेपासून ब्रॉडवेपर्यंत सात वर्षं. आणि प्रत्येक पायरीवर थोडेच पैसे, थोडेच लोक. पुढची पायरी आधीची पायरी पक्की झाल्यावरच.

आपल्याकडे काय होतं? आधी पोस्टर, मग मुहूर्ताचे फोटो, मग संहिता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

पहिलं काम: कागद

लेखक, गीतकार, संगीतकार तिघेही मित्र असतात. "आपल्यात कागद कशाला?" असं सगळेच म्हणतात. मी म्हणतो, मैत्री टिकवायची असेल तर कागद हवाच. आणि तो पहिली चाल बांधायच्या आधी हवा. कारण चाल हिट झाल्यावर प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसायला लागतो.

वेगळं काही ठरलेलं नसेल तर संहितेचा हक्क लेखकाचा, शब्दांचा गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा. तुम्ही पैसे लावले म्हणून नाटक आपोआप तुमचं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. आणि ही गोष्ट नीट वाचा: करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणजे उद्या दुबईच्या किंवा अमेरिकेच्या महाराष्ट्र मंडळानं बोलावलं तर तुम्ही पुन्हा सगळ्यांच्या दारात उभे.

करारात निदान एवढं तरी असू द्या: कुणाला प्रत्येक प्रयोगामागे किती, गाणी बाहेर युट्यूबवर टाकली तर वाटा कसा, आणि ठरावीक महिन्यांत नाटक रंगभूमीवर आलं नाही तर ज्याचं काम त्याला परत. हे शेवटचं कलम जवळजवळ कुणीच घालत नाही. मग नाटक अडकतं, चाली अडकतात आणि माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

कादंबरीवर नाटक करताय? आधी परवानगी. लेखक जाऊन साठ वर्षं झाली नसतील तर वारसांची. संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत, पण अलीकडच्या संगीतकारानं त्याला दिलेली चाल सगळ्यांची नाही.

दोघा-तिघांनी मिळून पैसे लावताय? १९३२ च्या भागीदारी कायद्यात, वेगळं ठरवलं नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो, मग भांडवल एकाचं दहा लाख असो आणि दुसऱ्याचं एक लाख. त्यामुळे हेही लिहून ठेवा. वकिलाला दिलेली फी हा या नाटकातला सगळ्यात चांगला खर्च समजा.

दुसरं काम: बसून वाचन

आता खरी परीक्षा. एक खोली, एक हार्मोनियम किंवा कीबोर्ड, एक तबला, हातात संहिता घेतलेले गायक-नट. नेपथ्य नाही, कपडे नाहीत, लाइट नाहीत. समोर वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी तरी तुम्हाला न ओळखणारी. न्यूयॉर्कमध्ये याची पद्धतच आहे. कलाकार संघटनेच्या नियमानुसार २९ तासांत शिकायचं आणि वाचून दाखवायचं, म्हणून त्याचं नावच '२९ तासांचं वाचन'.

वाचन झाल्यावर "कसं वाटलं?" विचारू नका. लोक चहा पिऊन "छान" म्हणतात आणि घरी जातात. त्याऐवजी तीन गोष्टी करा. एक, वाचन चालू असताना कुणाचा हात कधी मोबाईलकडे गेला ते संहितेच्या पानावर खूण करून ठेवा. दोन, गोष्ट दोन वाक्यांत सांगायला लावा. पाच जणांनी पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर संहिता अजून कच्ची आहे. तीन, दुसऱ्या दिवशी फोन करा आणि विचारा, कुठली चाल आठवते?

आणखी एक सोपी चाचणी. एक गाणं काढून टाका आणि पुढचा प्रवेश वाचा. काहीच बिघडत नसेल तर ते गाणं फक्त सजावट आहे. जुन्या काळी पदांसाठी आणि वन्समोअरसाठी रात्र रात्र नाटक चालायचं. आज नाट्यगृह ठरलेल्या तासांसाठीच मिळतं. प्रत्येक गाण्यानं गोष्ट पुढे न्यायला हवी.

आणि आयडिया चोरीची भीती? नुसत्या आयडियावर कॉपीराइट नसतोच. लिहून काढलेल्या संहितेवर असतो. त्यामुळे लवकर लिहा, तारखेसह जपून ठेवा आणि बिनधास्त ऐकवा.

तिसरं काम: एका प्रयोगाचा हिशेब

आकडे समजण्यासाठी घेतोय, तुम्ही तुमच्या गावचे टाका. समजा ७०० खुर्च्यांचं नाट्यगृह, सरासरी तिकीट ३०० रुपये, ४० टक्के खुर्च्या भरल्या. गल्ला ८४,०००. नाट्यगृह, जाहिरात, कलाकारांच्या नाईट, बॅकस्टेज, वादक, गाडी, लेखक-संगीतकारांचं मानधन, सगळे मिळून ७०,००० गेले. हातात १४,०००. शुभारंभाआधी १२ लाख घातले असतील तर ते वसूल व्हायला ८६ प्रयोग लागतील.

आता दोन वादक वाढवले आणि प्रयोगाचा खर्च ५,००० नं वाढला. हातात ९,०००. तेच १२ लाख वसूल व्हायला १३४ प्रयोग! दोन माणसं वाढली आणि ४८ प्रयोग वाढले.

वादक काढा असं मी म्हणत नाहीये. कदाचित लाइव्ह वाद्यांसाठीच लोक तिकीट काढतील. मग नेपथ्य साधं ठेवा. पण हा निर्णय तालमीआधी, कागदावर घ्या. मध्येच माणसं कमी करायला गेलात तर नाटकाचा आणि माणसांचा, दोघांचाही अपमान होतो.

संहिता पक्की झाली की ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे प्रमाणपत्रासाठी पाठवा. तिकीट विक्री सुरू करून मग धावपळ नको.

"पण सर, कला अशी मोजायची का?"

हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नाही. आकडेमोड करून 'शाकुंतल' लिहिलं जात नाही, मान्य. चाल सुचणं हे एक्सेल शीटमध्ये बसत नाही. पण गंधर्व नाटक मंडळी आठवा. बालगंधर्वांसारखा गायक नट, लोक वेडे झालेले, आणि तरी कंपनी कर्जात. कारण थाटामाटाला हात आखडता घ्यायचा नाही हा त्यांचा बाणा होता. त्या वैभवाला माझा सलाम आहे. पण बालगंधर्वांची लोकप्रियता असूनही जे झेपलं नाही, ते तुमच्या-माझ्या हातउसन्या पैशांवर कसं झेपेल?

हिशेब कलेचा शत्रू नाही. पहिल्या नाटकात घरचं सोनं गहाण पडलं तर दुसरं नाटक कोण काढणार? ज्यांच्याकडे जपायला बापजाद्यांचा पैसा नाही, त्यांनाच या पायऱ्यांची जास्त गरज आहे.

तेव्हा या महिन्यात एवढंच करा. गोष्ट दोन वाक्यांत लिहा. तुमचं सगळ्यात चांगलं गाणं दहा अनोळखी माणसांना नुसत्या पेटीवर ऐकवा. आणि संगीतकार मित्राबरोबर चहाला बसून कराराचे मुद्दे काढा. खर्च फार तर चहा-बिस्किटांचा. एवढं करून उत्साह टिकला, तर तुमच्या नाटकात दम आहे.

प्रयोगाच्या हिशेबाची शीट कशी बनवायची ते पुढच्या व्हिडिओत स्टेप बाय स्टेप दाखवतो. तुमच्या शहरातलं नाट्यगृहाचं भाडं आणि सरासरी तिकीट कमेंटमध्ये लिहा, त्यातलंच एक खरं उदाहरण घेऊन शीट भरू. भेटू!