स्वयंपाकघरातली गुप्तहेर

मायामीतल्या कोरल शोअर्स या काल्पनिक वस्तीत महिला मंडळाचं जेवण रंगात आलेलं असतं. अचानक एक तरुण स्त्री समोरच्या चिकन सॅलडमध्येच कोसळते आणि मरते. पुढे संशयाची सुई मिरियम किन्योनेस-स्मिथच्या जिवलग मैत्रिणीकडे वळते. राकेल व्ही. रेयेस यांच्या ‘मँगो, मॅम्बो अँड मर्डर’ (२०२१) या कादंबरीतली मिरियम पोलीस नाही. ती खाद्यसंस्कृतीची अभ्यासक, लहान मुलाची आई आणि स्पॅनिश वाहिनीवर कॅरिबियन स्वयंपाक करून दाखवणारी बाई.

अशा पुस्तकांना ‘हलकंफुलकं’ म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

रक्तपात पडद्याआड आणि शोध घेणारी हौशी, हा साचा मिस मार्पलपासूनचा. मिरियमचा क्युबन स्वयंपाक मात्र त्यात इतिहास घेऊन येतो. ‘रोपा व्हिएहा’ म्हणजे शब्दशः जुने कपडे. गोमांस इतकं शिजवायचं की त्याच्या चिंध्या व्हाव्यात. क्युबात १९६२पासून शिधापत्रिका आली, १९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर अन्नाचे हाल झाले आणि सामान्यांच्या ताटातून गोमांस जवळपास गेलंच. मायामीतल्या क्युबन खाणावळींत मात्र हा पदार्थ रोज शिजत राहिला. मायदेशी दुर्मीळ झालेली चव परमुलखात टिकली! क्युबात नित्सा व्हियापोल तिथल्या क्रांतीच्या आधीपासून टीव्हीवर स्वयंपाक शिकवायच्या. टंचाईतही हाताशी असेल त्यात कसं भागवायचं ते त्या सांगत राहिल्या. मिरियम कॅमेऱ्यासमोर उभी राहते तेव्हा त्यांची आठवण होतेच.

लिओनार्दो पादुरा यांच्या हवानातल्या रहस्यकादंबऱ्या याहून कडवट. मारियो कोंदे हा त्यांचा नायक. त्याच्या मित्राची आई होसेफिना ऐन टंचाईत भरगच्च पंगत मांडते. एवढं सामान तिनं आणलं कुठून? खुनाइतकंच हेही कोडं वाचकाला धरून ठेवतं.

क्युबन ताटातला युका तर आपल्या ओळखीचा. आपला साबुदाणा त्याच कंदातल्या स्टार्चपासून होतो. आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांनी रहस्यकथेचं वेड लावलं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०पासून घरोघरी पोचली. आमटीत आज काय वेगळं पडलंय, हे पहिल्या घासाला ओळखणाऱ्या बायका प्रत्येक वाड्यात आणि सोसायटीत आहेत. मराठी लेखिकांनो, त्यांच्यातल्या एकीला आता तपासाला लावा.