नकली बॅगेवर धाड, मग नकली कोल्हापुरीवर का नाही?

स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर नामांकित परदेशी कंपनीचा पट्टा तीनशे रुपयांत मिळतो. माल डुप्लिकेट आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्यालाही माहीत असते. मग एक दिवस धाड पडते. माल बनवणारा कारखानदार सापडत नाही, घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानाचे शटर खाली असते. पकडला जातो तो पथारीवाला. अनेकदा तो आपल्याच वस्तीतला, बारावी होऊन घरी बसलेला पोरगा असतो. त्याची आई आमच्याकडे येते आणि विचारते, "साहेब, पोराने चोरी तर केली नाही ना?"

या प्रश्नाचे उत्तर चळवळीने सरळ दिले पाहिजे. माई, ही चोरीच आहे. वस्तूची नव्हे, नावाची. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 103 आणि 104 नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि तसा माल विकणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. "सगळेच विकतात" हा कोर्टात बचाव होत नाही. आपण पुरेशी काळजी घेतली होती, माल खोटा असल्याचा संशय येण्याचे कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला ते सांगितले, असे सिद्ध केले तर कलम 104 मध्ये सुटकेची वाट आहे. पण पथारीवाल्याकडे ना बिल असते, ना व्यापाऱ्याचे खरे नाव. म्हणून वरचा सुटतो आणि खालचा अडकतो.

धाडीलाही नियम आहेत. कलम 115 प्रमाणे वॉरंटशिवाय झडती आणि जप्ती करणारा अधिकारी पोलिस उपअधीक्षक किंवा समकक्ष दर्जापेक्षा खालचा नसावा, आणि त्याने आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचे मत घेतलेले असावे. हे आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही सांगावे.

विकत घेणाऱ्याचे काय? स्वतःच्या वापरासाठी नकली वस्तू घेणाऱ्याला आपला ट्रेडमार्क कायदा शिक्षा करत नाही. इटलीत मात्र अशा ग्राहकालाही दंड होतो. पण कायदा गप्प आहे म्हणून शील गप्प बसत नाही. पंचशीलातले दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते, चौथे खोटे बोलू नये असे सांगते. खोटे चिन्ह अंगावर मिरवणे म्हणजे न बोलता बोललेले खोटेच. आपल्या पोरांना चांगले कपडे का हवेसे वाटतात, हे आम्हाला कळते. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना नीटनेटके राहायला सांगितले, कारण पोशाखावरून जात ओळखली जात होती. पण बाबासाहेबांनी स्वच्छतेचा आणि स्वाभिमानाचा आग्रह धरला, दुसऱ्याच्या शिक्क्याचा नव्हे. साध्या, धुतलेल्या सदऱ्याने माणूस लहान होत नाही.

नावाची चोरी हा गुन्हा आहे, हे आम्ही मान्य केले. आता आमचा सवाल असा : हा नियम फक्त श्रीमंतांच्या नावालाच आहे काय?

जून 2025 मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या. कोल्हापूरचे नाव नाही, ती घडवणाऱ्या चर्मकारांचे नाव नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. फूटपाथवर तीच गोष्ट 'नक्कल' असते, मिलानमध्ये ती 'प्रेरणा' होते!

वकील म्हणून इथे भावनेच्या भरात वाहून चालणार नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. पण हे मानांकन नावाला संरक्षण देते, घाटाला नाही. नाव न घेता घाट उचलणारा या कायद्यातून सहज निसटतो. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये या प्रकरणातील जनहित याचिका फेटाळली. दाद मागायची तर मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी मागावी, असा त्याचा अर्थ. हे मालक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. डिसेंबर 2025 मध्ये त्याच महामंडळांशी प्राडाने करार जाहीर केला : 2 हजार जोड, किंमत सुमारे 800 युरो. त्यातले कारागिराच्या हातात किती पडते, याचा हिशेब महामंडळांनी समाजापुढे मांडला पाहिजे.

पण प्राडाकडे बोट दाखवताना आपल्या बाजारपेठेकडे पाहा. रेक्झिन आणि प्लास्टिकच्या चपला 'कोल्हापुरी' म्हणून राजरोस विकल्या जातात. भौगोलिक मानांकन कायदाही 1999 चाच. तो आणि ट्रेडमार्क कायदा 15 सप्टेंबर 2003 या एकाच दिवशी अमलात आले. त्याची कलमे 39 आणि 40 तीच शिक्षा सांगतात, तोच दंड सांगतात. परदेशी बॅगेसाठी पडलेल्या धाडी आम्ही कोर्टात पाहिल्या. नकली कोल्हापुरीसाठी पडलेली एकही धाड आमच्या पाहण्यात नाही. कायदा तोच, पण कंपनीकडे वकिलांची फौज आहे आणि चर्मकाराकडे आरी आणि रापी. ज्या हातांना या व्यवस्थेने अस्पृश्य ठरवले, त्या हातांचे नाव मात्र कोणीही उचलावे, हा कुठला न्याय?

म्हणून कारागीर बांधवांनी मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करावी. ती झाली की नाव वापरणाऱ्या नकली व्यापाऱ्याविरुद्ध स्वतः दाद मागता येते. तालुक्यातालुक्यातील आपल्या वकिलांनी हे अर्ज फी न घेता भरून द्यावेत. महामंडळांनी नकली कोल्हापुरीविरुद्ध फिर्यादी दाखल कराव्यात, नाहीतर खुर्च्या रिकाम्या कराव्यात. आणि समाजबांधवांनी नकली पट्ट्यावर तीनशे रुपये घालवण्याऐवजी थोडी भर घालून कारागिराकडून अस्सल चप्पल घ्यावी.

दुसऱ्याचे नाव चोरायचे नाही आणि आपले चोरू द्यायचे नाही. जय भीम!