बायसचे पैसे वेगळे घ्या!

मित्रांनो, गिटारचे ट्यूब अ‍ॅम्प दुरुस्त करायचा धंदा करायचाय? मग माझं स्पष्ट मत ऐका: ट्यूब बदलल्यावर बायस फुकटात सेट करून देऊ नका.

बायस म्हणजे गिटार वाजत नसताना ट्यूबमधून किती करंट वाहायचा, ते ठरवणं. गिऱ्हाईक म्हणतं, "एक स्क्रूच तर फिरवला!" अहो, तो कुठे थांबवायचा याचेच तर पैसे आहेत. ईएल-34 ट्यूबची मर्यादा 25 वॅट. त्याचे 70 टक्के म्हणजे 17.5 वॅट. प्लेटवर 450 व्होल्ट असतील तर करंट साधारण 39 मिलीअँपिअर. फार वाढवला तर प्लेट लालबुंद होऊन ट्यूब जाते, फार कमी केला तर आवाज कोरडा पडतो. फुकटचं काम घाईत होतं, मोजमाप राहतं आणि नाव तुमचं खराब होतं.

शिवाय जिवाशी गाठ आहे. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं. आधी जाणकाराच्या हाताखाली शिका, मगच दुकान टाका.

आणि हो, कॅथोड-बायस अ‍ॅम्पमध्ये सहसा फिरवायला स्क्रूच नसतो. तिथे हे पैसे लावू नका. जिथे लावाल, तिथे बिलावर व्होल्टेज आणि करंटचे आकडे लिहून द्या. विश्वास असाच कमावला जातो.