तिसऱ्या गोलंदाजाचे काय?

संघ ओळीने हरू लागला की पहिला दोष कर्णधाराला जातो, दुसरा नाणेफेकीला. आमच्या मते खरी अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते. मुख्य गोलंदाजाची षटके संपल्यावर चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, याचे उत्तर संघाजवळ नसते.

२०२२ ची आयपीएल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पाच वेळा विजेती ठरलेली मुंबई इंडियन्स पहिले आठही सामने हरली. साखळीचे सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच होते, म्हणजे घरचे मैदान नव्हते असेही म्हणता येत नाही. बुमराहला १२ कोटींना राखले होते, पण नव्या चेंडूचा त्याचा जोडीदार ट्रेंट बोल्ट लिलावात राजस्थानकडे गेला. जोफ्रा आर्चरला ८ कोटी मोजून घेतले, तो त्या हंगामात खेळणार नाही हे ठाऊक असताना! राजस्थानविरुद्धचा सामना बघा. बुमराहच्या ४ षटकांत १७ धावा आणि ३ बळी. उरलेल्या १६ षटकांत १७६ धावा. एका गोलंदाजाच्या तर एकाच षटकात २६ गेल्या. पुण्यात कोलकात्याच्या कमिन्सने एका षटकात ३५ धावा कुटल्या. चेन्नईला शेवटच्या षटकात १७ हव्या होत्या, त्या धोनीने काढून दिल्या. फलंदाजीही खराब झाली हे खरे, रोहित शर्माला हंगामभर एक अर्धशतक करता आले नाही. तरी हातात आलेले सामने निसटले ते गोलंदाजीमुळे. १४ पैकी ४ विजय आणि दहा संघांत दहावा क्रमांक.

आता आपल्या जवळची उदाहरणे घ्या. वारासिवनीचा माणूस क्रिकेटमध्ये मध्यप्रदेशचाही असतो आणि नागपूरमुळे थोडा विदर्भाचाही, त्यामुळे दोन्हींचा अभिमान बाळगायला आपण मोकळे. डिसेंबर २०१७ मध्ये विदर्भ पहिल्यांदा रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला, तेव्हा उमेश यादव भारतीय संघाबरोबर होता. त्याच्यावाचून अडले नाही. रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, आदित्य ठाकरे हा कोवळा पोरगा तर पहिलाच प्रथम श्रेणी सामना खेळत होता. इंदूरला करंडक विदर्भाने उचलला. जून २०२२ मध्ये मध्यप्रदेशने मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला, तेव्हा आवेश खान संघात नव्हता. गौरव यादव, अनुभव अगरवाल, कुमार कार्तिकेय यांनी काम भागवले. दोन्ही वेळी प्रशिक्षक चंद्रकांत पंडितच होते.

शाळेच्या संघांचे काय होते? शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. एक हार म्हणजे हंगाम संपला. म्हणून जो मुलगा सगळ्यांत जोरात टाकतो त्यालाच सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चेंडू दिला जातो. सरावातही तोच टाकतो. तिसरा गोलंदाज सीमारेषेवर उभा राहून शिकणार तरी काय? आणि एक दिवस त्या पहिल्या मुलाचा खांदा किंवा कंबर धरते.

हा प्रश्न जगभर ओळखला गेला आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या लिटल लीगने २००७ पासून मुलांच्या चेंडूंवर मर्यादा घातली. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकू देत नाहीत. पुढे विश्रांतीचे दिवसही ठरलेले. तिथल्या मोठ्या संघांत पाच-पाच गोलंदाज आळीपाळीने सामन्याची सुरुवात करतात, कारण एकाचा हात रोज चालत नाही हे त्यांनी मान्य केले आहे.

धानाचे पऱ्हे आपण मोजून टाकत नाही, थोडे जास्तच टाकतो, कारण बांधीत कुठे ना कुठे तूट पडणारच. गोलंदाजांच्या बाबतीत मात्र आपण एका रोपावर हंगाम काढू पाहतो.

विश्वस्त मंडळींना आमचे सांगणे असे की, नवी बॅट घेण्याआधी सरावासाठी दुसरी मॅटिंग घ्यावी. एकाच खेळपट्टीवर चाळीस मुले आली की चेंडू नेहमीच्या दोघांच्याच हाती जातो. स्पर्धेच्या आधी बालाघाट, कटंगी, तिरोडा, गोंदियाच्या शाळांशी चार-पाच मैत्रीचे सामने ठेवावेत आणि त्यांत नवा चेंडू तिसऱ्या-चौथ्या गोलंदाजाकडे द्यावा. हे सामने आपण हरूसुद्धा. पालकहो, तेव्हा सीमारेषेवरून "त्याला काढा" म्हणून ओरडू नका. मुलींच्या संघालाही हेच लागू, तिथे तर दुसरी गोलंदाज शोधण्याचेच कष्ट कोणी घेत नाही.

आणि मुलांनो, एक वही करा. कोणी किती चेंडू टाकले, सरावातले धरून, रोज लिहा. हे काम सरांवर टाकू नका. बारावा खेळाडू ते उत्तम करू शकतो, त्याला तेवढेच काम मिळेल.