प्रश्न तर वाचता आला पाहिजे

तुमच्यापैकी बहुतेक जण दहावीपर्यंत विज्ञान उर्दूतून शिकतात. पुढे विज्ञान शाखेत गेल्यावर तोच विषय इंग्रजीतून समोर येतो. मग शाळेत पहिली येणारी मुलगीही पहिल्याच चाचणीत मागे पडते. ‘मला विज्ञान जमणार नाही,’ असे म्हणून ती शाखाच बदलते. माझ्या मते, येथे मोठी चूक होते. तिला विज्ञान येते. तिला प्रश्न कळलेला नसतो.

प्रश्नात ‘डिफाइन’ असेल, तर तारीफ म्हणजे व्याख्या लिहायची. (येथे तारीफ म्हणजे स्तुती नव्हे!) ‘डिस्टिंग्विश’ असेल, तर फरक सांगायचा. असे थोडेसेच शब्द प्रश्नपत्रिकेत पुन्हा पुन्हा येतात.

आता ‘थर्मामीटर’ हा शब्द पाहा. ‘थर्मो’ म्हणजे उष्णता आणि ‘मीटर’ म्हणजे मोजणारे साधन. उर्दूत त्याला तपिशपैमा म्हणतात, मराठीत तापमापी. तिन्ही शब्दांची घडण एकच आहे! तापमान म्हणजे काय, हे तुम्हांला उर्दूत नीट समजले असेल, तर इंग्रजी शब्द लक्षात ठेवणे अवघड नाही. तेच समजले नसेल, तर इंग्रजी शब्द घोकून काय उपयोग? म्हणून उर्दू सोडून इंग्रजीच्या मागे धावा, असे मी सांगणार नाही.

मात्र अकरावीची वाट पाहू नका. आठवीपासूनच विज्ञानाच्या वहीत प्रत्येक उर्दू संज्ञेसमोर तिचा इंग्रजी शब्द लिहा. उच्चार येत नसेल, तर तो सरांना किंवा बाईंना तासातच विचारा.