प्रतिकारशक्ती कमी नाही, गाजर गवत जास्त आहे

मागच्या आठवड्यात आमच्या नगरपरिषदेने शाळेमागच्या मैदानातलं गाजर गवत काढलं. बातमी मीच दिली. तीन कॉलम, फोटोसकट. फोटोत पुढारी पुढे आणि मागे वाकलेल्या सात-आठ कंत्राटी बायका. एक गोष्ट मला त्या दिवशी दिसली नाही. एकीच्याही हातात मोजे नव्हते.

चौथ्या दिवशी त्यांच्यातल्याच एक मावशी स्टँडवर भेटल्या. पापण्या सुजलेल्या, मान आणि कोपराच्या आतली बाजू लाल, खाजवून खाजवून पाणी सुटलेलं. "कुणाला दाखवलं का?" विचारलं. म्हणाल्या, "दाखवलं ना दादा, औषधाच्या दुकानात. त्यो म्हनला तुमची इम्युनिटी कमी झालीय. ह्यो डबा दिला." डबा साडेचारशे रुपयांचा. वर एक मलम. मावशींची दीड दिवसाची मजुरी गेली.

अशा डब्यांच्या जाहिराती आमच्याही पेपरात येतात. आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी विचारायला नको.

घरी आल्यावर डोक्यातून जाईना. ओळखीच्या स्किनच्या डॉक्टरांकडे तासभर बसलो, थोडं वाचलं. जे समजलं ते साध्या भाषेत लिहितो, कारण हा गैरसमज फक्त मावशींचा नाही. माझाही होता.

ॲलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी होणं नव्हे. ती शक्ती भलत्याच माणसावर चालून जाते, तिला म्हणतात ॲलर्जी. गावात रात्रीची गस्त असते ना, तसं समजा. गस्त झोपली तर चोरी होते. पण गस्तीवाल्यांनी रोजच्या दूधवाल्यालाच चोर समजून धुतलं, तर त्याला गस्त कमी पडली असं म्हणाल का? ॲलर्जी ही दुसरी गोष्ट आहे. आणि या मारामारीत मोडतोड होते ती आपल्याच घराची.

गाजर गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. पानांवरच्या, खोडावरच्या बारीक लवेत ते असतं. गवत वाळलं की त्याची धूळ हवेत उडते, म्हणून हात न लावताही पापण्या आणि मान धरली जाते. हे रसायन कातडीतल्या प्रथिनाला चिकटतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी ते उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी पेशींना दाखवतात. टी पेशींनी एकदा 'हा शत्रू' अशी नोंद केली की ती सहसा पुसली जात नाही. पुढच्या वेळी ते रसायन लागलं की एक-दोन दिवसांत टी पेशींची फौज तिथे जमते आणि हल्ला करते. गवताला काही होत नाही. सोलून निघते ती आपली कातडी.

"वीस वर्षं खुरपतेय, कधी काही झालं नाही, आत्ताच कसं?" हा मावशींचा प्रश्न होता. उत्तर यातच आहे. नोंद पहिल्याच दिवशी होते असं नाही. कुणाची महिन्यात होते, कुणाची वीस वर्षांनी, कुणाची कधीच होत नाही. म्हणून "बाकीच्यांना कुठं काय झालं?" हा मुकादमाचा युक्तिवाद बिनकामाचा आहे.

याच गवताच्या परागकणांनी काहींना शिंका येतात, नाक वाहतं. तिथला कारभार वेगळा. तिथे आयजीई नावाच्या अँटीबॉडी असतात. शरीरात त्यांचं एक मूळ काम जंतांशी लढण्याचं. त्या मास्ट पेशींवर बसून असतात. पराग आला की मास्ट पेशी फुटतात, हिस्टामिन बाहेर पडतं आणि काही मिनिटांत सटासट शिंका. म्हणजे एकाच गवताने एकाला लगेच शिंका, दुसऱ्याला दोन दिवसांनी खाज. दोन्हीकडे प्रतिकारशक्ती कामावर हजर आहे. नको तितकी हजर आहे.

आता विचार करा, अशा माणसाला 'इम्युनिटी वाढवा' म्हणून डबा विकणं म्हणजे काय? हट्टी केसमध्ये तज्ज्ञ डॉक्टर बरोबर उलट करतात. ॲझाथायोप्रिनसारखं औषध देतात, जे प्रतिकारशक्तीला आवर घालतं. तेही रक्ताच्या तपासण्या करत, देखरेखीखाली. डब्याने गस्तीवाले आणखी चवताळतात की डब्यात नुसती साखर असते, यावर मी वाद घालत नाही. रोगाचं निदानच चुकलं आहे, एवढं पुरेसं आहे.

आणि ते मलम. स्टेरॉइड होतं. डॉक्टर तेच देतात, पण किती ताकदीचं, कुठे आणि किती दिवस हे ठरवून. चेहऱ्यावर महिनोन्महिने चोपडलं तर कातडी पातळ होते, आणि थांबवलं की दुप्पट उसळतं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्याकडे ती गोळी-बिस्किटासारखी मिळतात.

पण सगळं दुकानदारावर ढकलून आपण मोकळे होऊ नये. गाजर गवत हा सार्वजनिक प्रश्न आहे. भारतात त्याचा बोभाटा सुरू झाला तो आपल्याच पुण्यातून. 1956 मध्ये पुण्यातली नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं मानलं जातं, त्याला कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी. नावावरून कमेंटमध्ये भांडू नका, सगळ्या पक्षांच्या राजवटीत ते सारखंच वाढलंय. एक झाड हजारोंनी बी टाकतं. पडीक प्लॉट, रस्त्याची कड, नाल्याचा काठ ही त्याची घरं. म्हणजे ज्या जागेची जबाबदारी कुणी घेत नाही ती जागा त्याची.

उपायही माहीत आहेत. पाऊस पडून जमीन ओली असताना, फुलं यायच्या आधी मुळासकट उपटायचं. आमच्या मोहिमेत गवत पांढरंशुभ्र फुललेलं होतं, म्हणजे बी आणि पराग दोन्ही आपणच झटकून पसरवले. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा 1984 मध्ये बंगळुरूजवळ सोडला गेला, तो पावसाळ्यात पानं फस्त करतो. टाकळा वाढवला तर गाजर गवताला जागा उरत नाही. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट जनजागृती सप्ताह करतं. आमच्याकडे त्या आठवड्यात झेंड्याचे फोटो असतात, गवत तसंच.

माझ्या नगरपरिषदेकडे चार मागण्या आहेत आणि त्या मी लेखीही देणार आहे. एक, मोहीम फुलोऱ्याआधी घ्या. दोन, काढणाऱ्या प्रत्येकीला मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला फडकं आणि काम संपल्यावर साबण-पाणी द्या. खर्च एका फ्लेक्सपेक्षा जास्त होणार नाही. तीन, ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना दुसरं काम द्या, मजुरी न कापता. चार, पडीक प्लॉटच्या मालकांना नोटिसा काढा, मालक कुणाचाही नातेवाईक असो.

"मोजे दिले तर बायका घालत नाहीत" असं मला एका अधिकाऱ्याने ऐकवलं. साहेब, आधी देऊन तर बघा.

मावशींना आम्ही सरकारी दवाखान्यात स्किनच्या ओपीडीला नेलं. पॅच टेस्ट व्हायची आहे. सूज उतरलीय. डॉक्टरांनी सांगितलं, गाजर गवतापासून लांब राहा. मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "लांब राहायचं म्हंजे काम सोडायचं का दादा?"

याचं उत्तर कुठल्याही डब्यात नाही. ते नगरपरिषदेच्या पुढच्या सभेत द्यावं लागेल. मी तिथे बसणार आहे, आणि या वेळी फोटोत हात आधी बघणार आहे.