फुकटचं फावडं

परदेशात जायचं, शाळेची भिंत बांधायची, तिथल्या लोकांचा इतिहास शिकायचा, आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजायचे. अशा जाहिराती आता खूप निघतात. आपल्या अभ्यासवर्गात त्यावरून दोन तट पडले. एक म्हणतो, आपली पोरं कधी जाणार? दुसरा म्हणतो, फुकट राबणं म्हणजे वेठ, ती बापजाद्यांनी पुरेपूर केली, आता थू!

मित्रांनो, मला दोघांशीही भांडायचंय.

आधी दुसऱ्याशी, कारण त्याचा राग माझाही आहे. नाक्यावर उभ्या मजुराला आजही बिगारी म्हणतात. रोज घेतो तरी नाव वेठीचंच. महारकीत रात्री-अपरात्री हाक आली की धावायचं, नाही म्हणायची सोय नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं, पण वतन मोडणारा कायदा यायला 1958 उजाडलं. वेठ वेठ होती ती नुसती मजुरी नव्हती म्हणून नाही. ‘न्हाई’ म्हणता येत नव्हतं म्हणून.

आता हे बघा. 1947 साली युगोस्लाव्हियात, आजच्या बोस्नियात, शामात्स ते सारायेव्हो ही सुमारे 240 किलोमीटरची रेल्वे दोन लाखांहून जास्त तरुणांनी काही महिन्यांत टाकली. महायुद्धात देश बेचिराख झालेला. यंत्रं थोडी, टिकाव-फावडी फार. मजुरी नाही. बाहेरच्या देशांतूनही हजारो पोरं आली, पण मुकादमकी करायला नव्हे. रूळ कुठून न्यायचा ते तिथल्यांनी ठरवलं, पाहुण्यांनी माती ओढली. शेजारी खोदणाऱ्यांत कालपर्यंत जर्मनांशी लढलेली पोरं होती, इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकायचा. छावणीत निरक्षरांना लिहाय-वाचायला शिकवत.

इंग्रज तुकडीत ई. पी. थॉम्प्सन होता, वय 23, म्हणजे आपल्याच वयाचा. त्याचा भाऊ 1944 साली बल्गेरियात फॅसिस्टांनी गोळ्या घालून मारलेला. पुढे हाच माणूस यॉर्कशायरात कामगारांचे वर्ग घेत होता, आणि 1963 साली त्याने इंग्लंडच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिला. त्यात हातमागवाले विणकर आहेत, ज्यांना कुणी इतिहासात धरत नव्हतं. मी रिंगखात्यातला माणूस, मला त्याची किंमत कळते.

सगळंच गोड नव्हतं. एका पक्षाचं सरकार, त्याचा रेटा होताच. आणि 1992 साली त्याच बोस्नियात शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला. तेव्हा एकत्र घमेली उचलली की द्वेष मरतो, असं मला कुणी सांगू नये. श्रमदानाने जात जाते म्हणणारे इथेही कमी नाहीत. खड्डा आपण खणायचा, फोटोत टोपीवाला!

पण तिथला पाहुणा पाहुणाच राहिला, एवढं खरं. आणि इथे पहिल्याला विचारतो: तुझ्या जाहिरातीत गावाचा माणूस कुठाय? वीट लावता न येणारा विमानाने येतो, वीट लावणारा गवंडी तिथेच रिकामा बसतो. असल्या भिंतीला हात लावायला आपली पोरं कशाला?

शिकायला जरूर जा. बाबासाहेब गेले होते, तेही समुद्र ओलांडून. पण जाहिरात आणणाऱ्याने पुढल्या वर्गाला येताना विचारून यावं: काम कुणी मागितलं? गवंडी कोण, त्याला रोज किती? भिंत झाल्यावर शाळेची किल्ली कुणाकडे? त्या दिवशी माझी रातपाळी आहे, पण मी थांबेन.